हेल्मेटातलं स्टेशन

४ मार्च १९८३
दूध संघानं आज आम्हा सुपरवायझर लोकांना हेल्मेटं वाटली. मागच्या महिन्यात एकजण वाशीच्या रस्त्यावर फटफटीवरून पडला, त्याची ही जाग. हेल्मेटं नवी नाहीत. कुठून आणली ते विचारायचं नाही. माझ्या वाट्याला आलेल्यात आधीच्या डोक्याचं तेल मुरलंय, फोम पिवळा पडलाय, दाबला की बोटं चिकट होतात. घरी आणून धुवायला घेतलं तर बायको, विमल, म्हणाली, तांब्याभर पाण्यात काय धुवायचं ते धुवा, घागरीला हात लावायचा नाही. शेवटी राख आणि रॉकेल लावून पुसलं. आता तेलाचा वास रॉकेलमधून येतो.

संघाच्या चेअरमननी स्वतःच्या हातानं वाटप केलं, फोटो काढला. (चेअरमन शब्द रोज पूर्ण लिहिणं जमणार नाही. पुढं नुसतं चे.)

एक फायदा आहे. कान झाकले जातात. लोकांची बडबड निम्मी कमी होते.

६ मार्च
रोज भूम, वाशी, तेरखेडा आणि परत. रस्त्यावर बघण्यासारखं काही उरलेलं नाही. वाळलेल्या बाभळी, रोजगार हमीची खडी, तोंडावर पदर घेतलेल्या बाया. डोळे तरी किती वेळ मिटणार. म्हटलं निदान कानाला काम द्यावं. घरचा ट्रान्झिस्टर खिशात घातला, त्याची वायर गळ्याखालून हेल्मेटात घेतली, कानाशी ऐकायचं बटण बसवलं. उभ्या गाडीवर झकास. भावगीत चालू होतं.

किक मारली आणि भावगीत मेलं. नुसतं टर्रर्र. गाडी पिळली की टर्रर्रही चढतं. जसं कोणी कानात फुटाणे भाजतंय. तेरखेड्यापर्यंत सहन केलं, मग वायर उपटून खिशात कोंबली.

९ मार्च
भूमच्या स्टँडसमोर मुनीरभाईचं रेडिओ दुरुस्तीचं दुकान आहे. माणूस जाणता, पण तोंडात कायम पान. बोलताना समोरच्याच्या शर्टावर नक्षी येते. दोन हात लांब उभं राहून विचारलं. त्यानं एका वाक्यात सोडवलं.

“साब, रेडू का कसूर नै. तुम्हारे प्लग में ठिणगी उडती, रेडू उसकूच सुनता.”

उपाय दोन. प्लगच्या वायरीत एक रेझिस्टर टाकायचा, तो त्यानं टाकून दिला. आणि रेडिओ इंजिनापासून जेवढा लांब तेवढा बरा. खिशात नको, डोक्यावर घ्या म्हणाला. मी हसलो. मग वाटलं, खरंच की.

१० मार्च
ट्रान्झिस्टर उघडला. आतली पट्टी, काळी कांडी (स्टेशन धरते ती हीच, एरियल), दोन सेल, सगळं हेल्मेटच्या टाळूत बसलं. फोम तेवढा कापून काढला. कापताना जो वास आला त्यावरून आधीच्या मालकाचं डोकं कधी धुतलेलंच नसावं.

बालवाडीत शिकवून विमल घरी आली. टेबलावर रेडिओचं रिकामं खोकं. ते उचलून हलवून बघितलं. मग म्हणाली, “तुमच्या डोक्यात वाजंल. घरात काय वाजवायचं, तवा?”

म्हटलं संध्याकाळी परत जोडून देतो. आता लक्षात येतंय की कांडीच्या तारा कापून डाग दिलाय, ते परत होणं नाही. तिला सांगितलेलं नाही.

१३ मार्च
टर्रर्र कमी झालं, गेलं नाही. डोकं लढवलं. चहाच्या पुड्यातला चांदीचा कागद हेल्मेटला आतून सगळीकडं चिकटवला. ठिणगीचा आवाज आत येणारच नाही असा हिशोब. आणि खरंच, गाडी चालू केली, पूर्ण शांतता. मी खूश. दोन मैल गेल्यावर कळलं, स्टेशनही आत येत नाहीये.

सात दिवस डोकं खाजवून मी स्वतःसाठी चांदीची कबर बांधली. मुनीरभाईला सांगितलं तर इतका हसला की पान गिळलं. कागद नखानं खरवडून काढला. अजून निघतोय.

१५ मार्च
चे. च्या गावची सोसायटी. लॅक्टोमीटर सोडला तर डुबकन आत गेला. दूध कसलं, दूध विसळलेलं पाणी. या दुष्काळात आमच्या वस्तीवर बाया दोन घागरींसाठी पहाटेपासून बसतात आणि यांच्याकडं दुधात घालायला पाणी आहे. सेक्रेटरी माझ्याकडं बघत तंबाखू मळत होता. म्हणाला, “पास करा वाघमारे. चेअरमनसायबाच्या घरचं हाय.”

पास केलं. सही केली. मुद्दाम वाईट अक्षरात केली, तेवढंच आपलं बंड. रस्त्यानं येताना स्वतःच्या हाताकडं बघवत नव्हतं.

१८ मार्च
सरकारी टँकर. आठ दिवसांनी दिसला. दिसला तो गावच्या आडापाशी नाही. वाशीच्या अलीकडं चे. ची लिंबाची बाग आहे, तिच्या बांधाला उभा. पाईप सोडलेला. ड्रायव्हर सावलीला आडवा. लिंबाच्या आळ्यात पाणी भरत होतं, बुडबुडे येत होते, मातीला वास सुटला होता. मी गाडी थांबवली. हेल्मेट काढलं. नुसता बघत राहिलो. ड्रायव्हरनं मला ओळखलं आणि हात हलवला, मीही हलवला.

घरी विमलला सांगायचं नव्हतं. सांगितलं. पोटात ठेवता आलं नाही. ती भाकरी थापत होती, हात थांबला. “तुमी डोळ्यानं बगितलं?” दोनदा विचारलं.

२१ मार्च
विमलला पत्र. रेडिओ केंद्राचं. महिलांच्या कार्यक्रमात दुष्काळातल्या बालवाडीवर पाच मिनिटं बोलायचं. तालुक्याच्या बाईंनी हिचं नाव सुचवलंय. तिनं पत्र चारदा वाचलं, मग मला वाचायला लावलं, मग घडी करून डब्यात ठेवलं. तिला एवढं खूश कधी पाहिलं नव्हतं. लग्नातही नाही. (लग्नात ती रागातच होती.)

मजकूर आधी लिहून आणा असं म्हटलंय. लिहायला बसली. मी मदत करतो म्हटलं तर, नको.

२६ मार्च
विमल काल एसटीनं गेली, आज आली. पाय सुजलेत. रेकॉर्डिंग झालं. काचेच्या खोलीत बसवलं, पंखा बंद केला, पुढं लोखंडाचं बोंडूक (माईक). लिहिलेलं वाचलं. मुलं दुपारी झोपतात ती उपाशी झोपत नाहीत, तहानलेली झोपतात, असं वाक्य लिहिलं होतं. छान वाक्य आहे.

मग म्हणाली, शेवटी एक वाक्य कागदावर नव्हतं ते बोलले.

कोणतं?

ती जशी बोलली तसं उभं राहून म्हणून दाखवलं. “सरकारचा टँकर आमच्या वस्तीवर येत न्हाई. तो दूध संघाच्या चेअरमनच्या लिंबाच्या बागंत जातो. माझ्या मालकानं डोळ्यानं बगितलाय.”

मी विचारलं, केंद्रावरचे साहेब काय म्हणाले? टेप थांबवली, परत ऐकली आणि “बघू” म्हणाले. ठेवतील की कापतील ते सांगितलं नाही. तिनंही विचारलं नाही.

२७ मार्च
नोकरी जाणार. चे. च्या संघात राहून चे. ला रेडिओवर चोर म्हटल्यावर दुसरं काय. त्यात साक्षीदार मी. बायकोनं माझं नाव घातलं नाही, “माझ्या मालकानं” म्हणाली, पण गावात तिचे मालक किती आहेत?

दिवसभर एकच विचार, कापलं असेल. कापायलाच पाहिजे. शहाणे लोक असतात तिथं, असलं कोण ठेवेल? संध्याकाळी विमल पाण्याच्या रांगेतून रिकामी घागर घेऊन आली, तिचं तोंड बघितलं आणि माझीच मला शिसारी आली. ही काचेच्या खोलीत एकटीनं जे बोलली ते कापलं जावं म्हणून मी नवस करायचा तेवढा बाकी आहे.

तिला म्हटलं, ठेवतील. नक्की ठेवतील. खोटं बोललो.

२ एप्रिल
पत्र आलं. १२ एप्रिल, दु. १२.३०.

विमलनं तारखेखाली काडेपेटीच्या जळक्या काडीनं रेघ ओढली. मग म्हणाली, रेडू जोडा. तेव्हा सांगावं लागलं. कांडीच्या तारा कापल्यात, खोक्यात परत बसणार नाही. हेल्मेटातच वाजतो.

ओरडली असती तर बरं झालं असतं. म्हणाली, “घरातली एक वस्तू होती, ती पण डोक्यावर घालून हिंडता.” ग्रामपंचायतीचा रेडिओ बिघडून वर्ष झालं. वस्तीवर दुसरा कोणाकडं नाही. गावात आहेत, पण गावातल्या ओट्यावर जाऊन ती हे ऐकणार का? आणि ते लोक ऐकू देणार का?

शेवटी ठरलं. त्या दिवशी मी ऐकायचं, अक्षर न् अक्षर लक्षात ठेवायचं, येऊन तिला सांगायचं. शेवटचं वाक्य आहे का नाही तेवढं तरी.

मी आयुष्यात पहिल्यांदा कशाची तरी इतकी काळजी घेणार आहे आणि ती म्हणजे एका घाणेरड्या हेल्मेटची.

५ एप्रिल
कसून प्रयोग. १२ ला दुपारी साडेबाराला मी तेरखेडा ते येडशी रस्त्यावर असणार, येडशीच्या चिलिंग सेंटरला नमुने द्यायची पाळी माझी. तेव्हा रस्ता तोच घेऊन बघितला.

शोध लागला तो असा. काळी कांडी आडवी ठेवली तर एका दिशेनं स्टेशन खणखणीत, दुसऱ्या दिशेनं मेलेलं. रस्ता वळला की रेडिओवरची बाई गप्प. मान फिरवली की परत बोलते. येताना मी सगळा रस्ता मान वाकडी करून आलो. तेरखेड्याच्या हॉटेलात एकानं विचारलं, मान आखडली का? तेल लावा म्हणाला.

केंद्र उत्तरेला. रस्ता पूर्वेला. मग कांडी कपाळाकडून मानेकडं ठेवायची, म्हणजे केंद्र बरोबर तिच्या बाजूला पडतं. तशी बसवली. मान सरळ ठेवूनही आवाज आला.

६ एप्रिल
टर्रर्रचा उपायही सापडला, आणि तो आपल्या रोजच्या सवयीतलाच. येडशीच्या अलीकडं लांब उतार आहे. तिथं आम्ही सगळेच इंजिन बंद करतो, पेट्रोल वाचतं, गाडी आपली आपण पळते. इंजिन बंद म्हणजे ठिणगी बंद. वारा सोडला तर हेल्मेटात फक्त बाई. एवढं स्वच्छ की ती श्वास घेते तेही कळतं. पाच मिनिटं सहज मिळतात, हळू गेलं तर सहा.

साडेबाराला उताराच्या डोक्यावर असायचं. ठरलं.

दणक्यानं स्टेशनचं बटण फिरून स्टेशन सरकतं म्हणून त्या बटणावर लाख वितळवून पक्कं करून टाकलं. आता यात एकच स्टेशन लागणार. दुसरं कोणी लावू म्हटलं तरी लागायचं नाही.

८ एप्रिल
संघाच्या ऑफिसात चे. नी हेल्मेट पाहिलं. भिंतीचा कोपरा पिचकाऱ्यांनी लाल, टेबलावर चहाचे डाग, आणि मधोमध ते खुर्चीत, पाय वर. कोणीतरी चुगली केली असणार, म्हणाले, वाघमारे, टोपड्यात रेडू बसवलाय म्हने? दाखवावं लागलं. डोक्यावर घातलं नाही, नुसतं कानाला लावलं. शेतीचा कार्यक्रम चालू होता. बराच वेळ ऐकत बसले.

“मला बी असलंच एक करून दे. जीपमधी बसतो तवा बोअर व्हतंय.”

हो म्हणालो. त्यांनी हातातलं हेल्मेट परत दिलं तेव्हा कानाच्या जागी त्यांच्या अत्तराचा वास लागला होता. विड्याचा आणि अत्तराचा. रॉकेलनं परत पुसलं.

१० एप्रिल
घात. चे. ची जीप मुलगा लग्नाला घेऊन गेलाय, १३ ला येणार. १२ ला लातूरला कसलीशी बैठक, येडशीहून रेल्वेगाडी पकडायची. म्हणून येडशीपर्यंत कोणाच्या फटफटीवर? माझ्या. मी त्या दिवशी तिकडं जातोच म्हणून.

आजारी पडतो म्हणावं असं मनात आलं. पण नमुने, पाळी, आणि चे. ना नाही कसं म्हणायचं. मग हिशोब केला. सकाळी नऊला निघायचं म्हणालेत. अकराला येडशी. त्यांना स्टेशनवर सोडायचं, मोकळं व्हायचं, झाडाखाली एकट्यानं ऐकायचं. उलट बरंच. उतार नको, वारा नको.

विमलला हे सांगितलं नाही. चे. माझ्या मागं बसणार एवढंही सांगितलं नाही.

१२ एप्रिल
सगळं लिहून ठेवतो. उद्या मीच मला काहीतरी दुसरं सांगायला लागेन.

नऊला हजर होतो. चे. दहाला अंघोळीला गेले. त्यांच्या अंगणात दोन बादल्या पाणी सांडलं, कोंबड्या प्यायल्या. मग नाष्टा. मग कोणी भेटायला आलं. सव्वाअकराला निघालो. मी घड्याळाकडं बघत होतो, ते म्हणाले, गाडी दोनला हाय, तुला कसली घाई?

मागं बसले. भारी माणूस, गाडी खाली बसली. डावा हात माझ्या खांद्यावर. माझ्या डोक्यावर हेल्मेट, रेडिओ बंद, कारण चालू करून ऐकायची हिंमत होईना. तेरखेडा गेलं तेव्हा बारा वाजून गेलेले. ऊन असं की डांबर चाकाला चिकटत होतं. मनात ठरवलं, उताराच्या डोक्यावर चालूचं बटण दाबायचं. ऐकायचं. मागं बसलेल्याला काय कळणार, आवाज माझ्या कानात.

उतार दोन मैल राहिला असेल. खांद्यावर थाप पडली. थांबव. वाटलं लघवीला. थांबवली.

“ऊन लागतंय डोस्क्याला. ते टोपडं दे हिकडं.” आणि मग हसून, “साडेबारा व्हत आले. बातम्या ऐकू तरी.”

मी म्हणालो, आबासाहेब, आत घाण आहे, वास येतो. म्हणाले, येऊ दे. हात पुढं केलेला.

मी हेल्मेट काढलं. इथं थांबून लिहितो, कारण इथंच काय ते आहे. काढताना माझं बोट कानाच्या बटणाच्या वायरीखाली होतं. एक हिसडा दिला असता तर वायर सुटली असती. त्यांना काही कळलं नसतं, खराब झालाय म्हणालो असतो, विषय संपला असता. बोट तिथंच होतं. ओढलं नाही.

का ओढलं नाही? भ्यालो म्हणून? की ऐकू दे एकदाचं, असं वाटलं म्हणून? दुसरं लिहायला बरं वाटेल. पण खात्री नाही.

त्यांनी पांढरी टोपी काढली, घडी करून माझ्या शर्टाच्या खिशात खोचली, हेल्मेट घातलं. मीच बटण दाबून दिलं. कांडी सरळ आहे ना तेही सवयीनं बघितलं. म्हणजे त्यांना चांगलं ऐकू यावं याची तयारी मी महिनाभर केली होती, वर शेवटची सेवाही दिली.

उताराच्या डोक्यावर आलो. मागून आवाज, “बंद कर की इंजिन. आवाज येतोय तुझ्या गाडीचा.”

बंद केलं. गाडी सुटली. चाकांचा आवाज आणि वारा, बाकी काही नाही. आणि माझ्या मानेमागं, हेल्मेटच्या आतून, चिलट गुणगुणावं तसा आवाज. शब्द एकही कळत नव्हता. पण ती विमल होती. वाक्याच्या शेवटी ती आवाज थोडा खाली घेते, ते ओळखलं. बायकोचा आवाज मी चेअरमनच्या डोक्यातून ऐकला.

मोजायला लागलो. तहानलेली झोपतात, ते वाक्य आता आलं असेल. आता शेवट असेल. त्यांचा हात माझ्या खांद्यावर होता. मी सगळं लक्ष त्या हातावर ठेवलं. आवळला का? सैल पडला का? काहीही नाही. हात होता तसा होता. घामानं माझा शर्ट त्या जागी ओला झाला होता, त्यांच्या घामानं की माझ्या, माहीत नाही.

चिलट थांबलं. मग गाणं लागलं असावं. उतार संपला.

येडशी स्टेशनवर ते उतरले. हेल्मेट काढून उलटं धरलं, आत बघितलं, जसं कोणी भांड्यात काही राहिलंय का बघतं. मला परत दिलं. मी खिशातून टोपी काढून दिली, ती नीट बसवली. गाडीला वेळ होता. बाकावर बसले. मी उभा.

“झ्याक लागतो रेडू.”

हो म्हणालो.

थोड्या वेळानं, “तुझी बायकू बालवाडीवर हाय न्हव?”

“व्हय, आबासाहेब.”

“हं.” आणि पुढं, “चांगलं बोलती.”

बस. तेवढंच. रागानं नाही, हसून नाही. मग तंबाखूची पुडी काढली. मी नमुने द्यायला निघून आलो. रस्त्यात हेल्मेट घातलं नाही, हँडलला लटकवलं. त्यात त्यांचं डोकं गेलं होतं.

घरी विमल दारात. म्हणाली, आलं का शेवटचं?

सांगितलं. सगळं. जीप, अंघोळ, थाप, टोपी. बोटाचंही सांगितलं. शेवटी म्हणाली, “तुमच्या मनात काय हुतं? कापलंय असं वाटत हुतं का न्हाई?”

मी म्हणालो, होय. पहिल्यापासून.

“मला म्हाईत हुतं,” म्हणाली, आणि उठून गेली. रागावली असती तर मी काहीतरी बोललो असतो.

१३ एप्रिल
कोणी ऐकलं का ते सरळ विचारताही येत नाही. विचारलं की कशाला विचारतोस हे येणार. तरी मुनीरभाईला आडून विचारलं, काल दुपारी काय ऐकत होता. दिवसभर हिंदी गाणी लावून बसला होता म्हणाला. रेडिओच्या दुकानात बसून माणसानं माझ्या बायकोची पाच मिनिटं ऐकू नयेत. त्याच्या पानाची आज मला जास्तच किळस आली. बिचाऱ्याचा दोष काही नाही.

ऑफिसात सगळं रोजच्यासारखं. चे. लातूरहून आलेले नाहीत. सेक्रेटरी माझ्याकडं नेहमीपेक्षा जास्त बघत होता की मलाच वाटलं? घरी दुपारपासून विमलनं केंद्राला पत्र लिहायला घेतलंय. काय प्रसारित केलं ते कळवा. उत्तर यायला महिना. आलं तर.

१४ एप्रिल
जयंती. पाणी नाही म्हणून वस्तीनं जेवण रद्द केलं होतं, नुसती वंदना आणि पंचशील ठरलं होतं. सकाळी सातला टँकर आला. थेट वस्तीवर, बुद्धविहारासमोर. या वर्षात पहिल्यांदा. बाया घागरी घेऊन धावल्या, कोणी रडलंही. ड्रायव्हर तोच, लिंबाच्या बागेतला. मला म्हणाला, साहेबांनी रात्री लातूरहून निरोप धाडला, आधी हिकडं टाक म्हणून.

लोक म्हणाले, जयंती म्हणून पाठवलं. काहीजण म्हणाले, पुढच्या वर्षी पंचायतीची निवडणूक आहे. मी घागरीकडं वळलो. सहा घागरी भरल्या. चूळ भरली, तोंड धुतलं. थंड पाणी. चांगलं लागलं, आणि चांगलं लागलं याचाच राग आला.

विमल घागर घेऊन आली, ठेवली, पण रांगेत उभी राहिली नाही. माझ्याजवळ येऊन हळू म्हणाली, “मी बोलले म्हणून आलंय, का बोललेलं कुणी ऐकलं न्हाई म्हणून?”

म्हणजे कसं, विचारलं. ती म्हणाली, वाक्य गेलं असेल तर भ्यालाय. वाक्य कापलं असेल तर त्याला वाटतंय मी त्याच्या उपकारात हाय, गप बसले, तर बक्षीस. कशानंही आलं तरी पाणी तेवढंच.

तिची घागर शेजारणीनं भरली.

१५ एप्रिल
चे. आले. ऑफिसात बोलावलं. मी तयारीनं गेलो, राजीनाम्याचा कागद खिशात. दूध, नमुने, चिलिंग सेंटर, सगळं विचारलं. शेवटी म्हणाले, सोमवारी बायकूला घेऊन ये घरी. बोलायचंय.

कागद खिशातच राहिला. टँकर आजही वस्तीवर आला होता, हे जाताना दारातून त्यांनीच सांगितलं.

घरी आल्यावर विमलला निरोप दिला. जाऊ नकोस म्हणालो. काय सापळा असेल सांगता येत नाही. ते वाक्य बोललीस का विचारल्यावर तू हो म्हणालीस तर गेलीस, नाही म्हणालीस तर खोटी पडलीस.

ती तांदूळ निवडत होती. मान वर केली नाही.

“जाते की. इचारंल, काय बोललीस रेडूवर. मी म्हणीन, आमच्या घरातला रेडू मोडलाय. तुमीच ऐकलंय, तुमीच सांगा.”

मी म्हणालो, मी येतो सोबत. ती म्हणाली, या. पण हेल्मेट घरी ठिवा, आणि त्यानं माझ्याकडं बघितलं की तुमी माझ्याकडं बघा, त्याच्याकडं न्हाई.

सोमवारला तीन दिवस आहेत.